सुरी हातात द्यायची नाही

मथुराबाई माझी मोठीमाय, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. तिला कोणी साधीभोळी म्हटलं असतं तर मी आधी हसले असते आणि मग त्याच्याशी भांडले असते. साधी ती नव्हतीच. नेरच्या बाजारात तिचा आवाज चढला की कापसाच्या गाडीवाले बैल आवरायचे. चुकलं तर ती तोंडावर बोलायची, आणि तिचं स्वतःचं चुकलं तर त्याहून मोठ्यानं बोलायची. बाईमाणसानं कसं खालच्या मानेनं असावं हे तिला सांगायला गेलेली माणसं परत येताना स्वतःच खालच्या मानेनं यायची. अशी बाई आमच्या घरात होती याचा मला गर्व आहे, आणि तो मी लपवत नाही.

मोठेबाबा लवकर गेले. मूलबाळ नव्हतं. मोठीमाय यवतमाळला तिच्या बहिणीकडे गेली आणि पुंडलिकराव नावाच्या माणसाच्या पुस्तकबांधणीच्या दुकानात कामाला लागली. काम काय, तर मागच्या अंगणात खळ शिजवायची आणि कागदाच्या कातरणी झाडून काढायच्या. पुस्तकाला हात लावायचा नाही, आतल्या माठाकडे बघायचंही नाही. पण शाळांचा हंगाम आला की पुंडलिकरावांना माणसं पुरायची नाहीत. मग तिला अंगणातच पुठ्ठे कापायला बसवत. पुंडलिकराव दारात उभं राहून सुरी वरून सोडायचे. ती जमिनीवर पडायची, कशीही, आणि मग मोठीमायनं उचलायची. एकदा ती तिच्या पायावर पडली. डाव्या अंगठ्याजवळचा तो व्रण मी कितीतरी वेळा पाहिलाय. पुंडलिकराव तसे वाईट नव्हते, मजुरी वेळेवर द्यायचे, असं सांगणारे लोक मला भेटलेत. मजुरीही ते वरूनच टाकायचे, हे मी त्या लोकांना सांगते.

अंगणात बसून तिनं सगळं शिकून घेतलं. दार उघडं असायचं, तिचे डोळेही उघडे होते. पानांच्या घड्या कशा जुळवतात, दोरा कसा ओवतात, पाठीला कापड कधी चिकटवतात, सगळं.

छप्पन साली दसऱ्याला आमची सगळी वस्ती नागपूरला गेली. ट्रकनं, रेल्वेनं, काही जण पायीसुद्धा. पांढरी लुगडी नेसून बायका गेल्या आणि बौद्ध होऊन परत आल्या. मोठीमाय तिकडून यवतमाळला उतरली आणि दुसऱ्या दिवशी कामावर गेली. पुंडलिकराव सुरी घेऊन दारात आले. तिनं हात पुढे केला. त्यांनी त्या हाताकडे बघितलं आणि नेहमीसारखी सुरी खाली सोडली. तिनं ती उचलली नाही. पदर खोचला आणि निघून आली. मोटारीनं संध्याकाळी नेरला पोचली तेव्हा बाबांनी विचारलं, "वहिनी, काम सोडलं काय?"

"काम नाई सोडलं," ती म्हणाली. "दुकान सोडलं. काम संगं आणलं."

आणि खरंच आणलं होतं. अठ्ठावन्न साली वस्तीतल्या समाजाच्या खोलीत तिचा बाइंडिंगचा कारखाना सुरू झाला. कारखाना म्हणजे एक लांब खोली, दोन चटया, खळ शिजवायची चूल आणि दाब द्यायला एक दगडी पाटा. पण आम्ही त्याला कारखानाच म्हणायचो आणि कोणी खोली म्हटलं तर दुरुस्त करायचो. शाळांची फाटकी पुस्तकं, वाचनालयाची पोथ्यांएवढी जाड पुस्तकं, जिनिंगवाल्यांच्या वह्या असं काम यायचं. वस्तीतल्या सात-आठ बायका यायच्या. त्यात माझी माय प्रभावती होती आणि मी, सत्याही होते. बाबा, म्हणजे देवराव, बाहेरून काम आणायचे, पोचवायचे आणि वेळ असला की पुठ्ठे कापायला बसायचे.

सुऱ्या लोहाराकडून करून घेतल्या होत्या. जिनिंगमधल्या मोडक्या पात्यांचं लोखंड, वीतभर लांब, मुठीला चिंधी गुंडाळलेली. धार अशी की पुठ्ठा कापताना आवाज येत नसे. आमच्या बायका शेतातल्या. काम झालं की विळा कमरेला खोचायची किंवा कुडाच्या भिंतीत अडकवायची त्यांची सवय. त्यांनी सुऱ्याही तशाच खोचायला सुरुवात केली. पहिल्याच आठवड्यात मोठीमायनं आकाशपाताळ एक केलं.

"विळा वाकडा हाय म्हून तुह्या पोटात जात नाई," ती एकेकीला सांगायची. "ही सरळ हाय. वाकलीस का सरळ आत."

मग तिनं जुन्या पुठ्ठ्यांची म्यानं केली. पुठ्ठा दुमडून, कडेनं दोऱ्यानं शिवून, वरून बाइंडिंगचं कापड. प्रत्येकीच्या म्यानाचं कापड वेगळ्या रंगाचं, म्हणजे सुरी कोणाची हे विचारावं लागू नये. माझं हिरवं होतं. भिंतीला एक कापडी पट्टा ठोकला, त्याला कप्पे शिवले आणि म्यानं त्यात उभी. पातं नेहमी खाली. संध्याकाळी एक जरी म्यान रिकामं दिसलं तर कोणी घरी जायचं नाही, सगळ्यांनी मिळून शोधायचं. एकदा भुरकट रद्दीच्या ढिगात एक सुरी सापडेपर्यंत दिवे लागले होते आणि घरोघरी नवरे भुकेनं ओरडत होते. मोठीमाय म्हणाली, ओरडू द्या, तोंडं शाबूत आहेत म्हणून ओरडताहेत. बोथट सुरी तर ती हातात धरूच देत नसे. बोथट सुरीला जोर लावावा लागतो आणि जोर लावला की ती घसरते, हे तिनं इतक्या वेळा सांगितलं की मी झोपेतही म्हणून दाखवलं असतं. तुटलेली पाती झाकणाच्या डब्यात जायची, आणि डबा भरला की बाबा तो पडक्या विहिरीत टाकून यायचे.

हे सगळे नियम बायकांनी ऐकले. पण एक कायदा सगळ्यांत मोठा होता आणि तो मोठीमायनं नव्हे, बाबांनी केला होता.

कारखान्याच्या पहिल्या दिवशी बाबांनी चहा केला. कप एकेकीच्या हातात दिला, बोटाला बोट लागेल असा. मग खळीची वाटी हातात, दोऱ्याचं रीळ हातात, सुरी हातात. आणि म्हणाले, "आपल्यापुढं लोकायनं समदं खाली टाकलं. पाणी वरून, पैसे वरून, भाकर वरून. इथं कोणी कोणापुढं काही खाली ठेवायचं नाई. हातात द्यायचं, हातात घ्यायचं." बायकांनी टाळ्या वाजवल्या. मोठीमायनं सगळ्यांत जोरात वाजवल्या, तिच्या पायाच्या अंगठ्याजवळचा व्रण तिला तेव्हा आठवला असणारच. खरं सांगते, मलाही भरून आलं होतं. आणि मग आमच्याकडे सुईसुद्धा कोणी चटईवर ठेवून सरकवली की बाकीच्या म्हणायच्या, "काहून, मी काय अजून जुनीच हाय काय?"

तीन वर्षं हा कायदा चालला. कोणाला काही झालं नाही, म्हणून सगळ्यांना वाटलं काही होणारच नाही.

एकसष्ट साली जूनमध्ये शाळा उघडायच्या होत्या. कामाचा ढीग पडला होता. बाबा पुठ्ठे कापत होते आणि माय त्यांच्यापुढे बसून पाठीला कापड चिकटवत होती. तिचे हात मनगटापर्यंत खळीनं माखलेले. तिनं सुरी मागितली. बाबांनी मान न उचलता सुरी पुढे केली, मूठ आपल्याच हातात, पातं तिच्याकडे. मायनं धरली, बाबांना वाटलं अजून धरली नाही, त्यांनी मूठ सोडली नाही. खळीच्या हातात पातं थोडंच राहणार होतं. ते तिच्या तळहातातून सरकत गेलं, बोटांच्या मुळाशी, खोल.

माय ओरडली नाही. तिनं रक्त पुस्तकावर पडू नये म्हणून हात आधी बाजूला नेला. हे आठवलं की मला अजूनही तिचा राग येतो, की गं बाई, पुस्तक जाऊ दे!

दवाखान्यात टाके पडले. डॉक्टरांनी सांगितलं, दोन बोटं पूर्वीसारखी वळतील असं सांगता येत नाही. बाबा घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. जेवले नाहीत.

मोठीमायनं कारखाना बंद ठेवला आणि एकटीच आत ठोकाठोक करत बसली. उघडला तेव्हा खोलीच्या मधोमध एक फळी होती, कमरेएवढी उंच, चार पायांवर. मध्ये चुन्याची रेघ. तिनं बायकांना सांगितलं, आजपासून सुरी हातात द्यायची नाही. देणाऱ्यानं रेघेवर ठेवायची, हात मागे घ्यायचा, मगच दुसरीनं उचलायची. बाकी सगळं हातात. सुरी मात्र फळीवर.

बायका त्या दिवशी काम करून घरी गेल्या. पण दुसऱ्या दिवशी कारखान्यात फक्त मी होते आणि मोठीमाय.

घरोघर एकच बोलणं सुरू होतं, की मथुराबाई पुन्हा जुन्या वळणावर गेली. धर्म बदलला, हात नाही बदलला. आणि बायकांच्या नवऱ्यांपेक्षा, सासवांपेक्षा सगळ्यांत जास्त कोण बोलत होतं, तर माझे बाबा. ते रागानं बोलत नव्हते, दुखऱ्या आवाजात बोलत होते, आणि म्हणून लोकांना ते खरं वाटत होतं. बायका आल्या नाहीत तर शाळांचं काम परत जाणार होतं. एकदा परत गेलं की यवतमाळच्या दुकानांकडे जाणार होतं, आणि मग आमच्या बायका पुन्हा लोकांच्या शेतात, वरून टाकलेल्या भाकरी झेलायला. मोठीमायचा कारखाना बुडायला पुराची गरज नव्हती, एक आठवडा पुरेसा होता.

शेवटी वस्तीतल्या जुन्या माणसांनी सगळ्यांना कारखान्यातच बोलावलं. संध्याकाळची वेळ होती, बायका, पुरुष, पोरं, सगळे चटयांवर दाटीनं बसले. माझी माय दाराशी बसली होती, पांढऱ्या पट्टीतला हात मांडीवर धरून. मधे ती फळी.

मोठीमायनं तिच्या पद्धतीनं सुरुवात केली, म्हणजे मोठ्यानं. "हे दोन बोटं कोनाच्या बापानं परत येनार हायेत काय? उद्या तुह्या सुनेचे जातीन, परवा तुह्या पोरीचे. माहा कारखाना हाय, माहा कायदा हाय. ज्याले पटत नाई त्यानं येऊ नोको."

बाबा उठले. मी त्यांना मोठीमायसमोर कधी उभं राहिलेलं पाहिलं नव्हतं. ते म्हणाले, "वहिनी, प्रभावतीचा हात माह्या हातानं कापला गेला. मले झोप नाई. पन मी जिंदगीभर लोकायनं खाली ठेवलेलं उचललं. माह्या बापानं उचललं. आता मीच माह्या बायकोपुढं खाली ठेवू? तू म्हन्तं तुहा कारखाना, तुहा कायदा. पुंडलिकराव बी हेच म्हनत होता. मंग तुह्यात आन त्याच्यात फरक काय राह्यला?"

मी मोठीमायकडे पाहिलं. मग ती खाली बसली. तिला उत्तर सुचलं नाही असं मी त्या आधी कधी पाहिलं नव्हतं आणि त्या नंतरही पाहिलं नाही. मला वाटलं, झालं, कारखाना गेला.

तेव्हा दाराशी हालचाल झाली. माझी माय उठली होती. माझी माय चारचौघांत कधी बोलत नसे. बाबांनी बोलावं आणि तिनं मान हलवावी, असा त्यांचा संसार. ती माणसांमधून वाट काढत फळीपाशी आली आणि बाबांच्या समोर, पलीकडच्या बाजूला उभी राहिली.

"सत्याचे बाबा," ती म्हणाली, "मले सुरी द्या."

बाबा गोंधळले. मोठीमायनं भिंतीवरून एक सुरी काढली, म्यान काढलं आणि सुरी चुलीपुढच्या ओट्यावर ठेवली. बाबांनी ती उचलली. मायनं आपला हात पुढे केला, पट्टी बांधलेला. "द्या ना. हातात द्या."

बाबांचा हात पुढे आला आणि त्या पट्टीपाशी थांबला. ते म्हणाले, "नाई जमत मले."

"मंग काय करता?"

बाबांनी इकडेतिकडे पाहिलं. मग सुरी फळीवर ठेवली. पातं मायकडे झालं होतं. ते त्यांनाच दिसलं. त्यांनी बोटांनी सुरी हळूच फिरवली, पातं आपल्या पोटाकडे घेतलं, मूठ मायकडे केली आणि एक पाऊल मागे सरले. हात मागे बांधून उभे राहिले.

मायनं डाव्या हातानं सुरी उचलली. नीट धरली. मग ती बाबांकडे बघून नाही, सगळ्यांकडे बघून बोलली. आवाज बारीकच होता, पण मागच्या पोरांनाही ऐकू गेला.

"पुंडलिकरावानं कधी मूठ आपल्याकडं केलती काय? कोनी केलती? पात्याकडून कोन उभं राह्यते, थे पाहा. आज माहा मालक पात्याकडून उभा राह्यला आन मूठ मले देली. याले जर कोनी खाली ठेवनं म्हनत असंल, तर मले असंच खाली ठेवलेलं पाह्यजे."

बाबा रडायला लागले. भर सभेत, लहान पोरासारखे, आणि कोणी त्यांना गप्प बसवलं नाही. माझ्याही डोळ्यांना धार लागली होती. पण रडू दुःखाचं नव्हतं हे मी छातीठोक सांगते. माझी न बोलणारी माय बोलली होती, आणि जे बोलली ते अख्ख्या वस्तीत कोणाला सुचलं नव्हतं.

मोठीमाय ताडकन उठली. तिचा आवाज परत आला होता, आणि केवढा आला होता! "अगं, मले काहून नाई सुचलं हे?" ती ओरडली. "मी रेघ आखली आन मुठीचं इसरली! फळी केली आन अर्धा कायदा केला! प्रभावती, तुहं नाव लागलं पाह्यजे या कायद्याले, माहं नाई."

लोक हसले. एक म्हातारा उठला आणि म्हणाला, कायदा ठरला, सुरी फळीवर, मूठ घेणाऱ्याकडे, बाकी सगळं हातात. मोठीमायनं पाण्याचा तांब्या भरला आणि सगळ्यांत आधी बाबांच्या हातात दिला, बोटाला बोट लागेल असा. बाबा घटाघटा पाणी प्यायले.

मायची दोन बोटं नीट वळली नाहीत, शेवटपर्यंत. तिनं डाव्या हातानं सुरी चालवायला शिकून घेतलं आणि पुढे नवीन बायकांना मूठ कशी फिरवायची हे तीच शिकवायची. पण हे सगळं नंतरचं. त्या संध्याकाळी सभा उठली तेव्हा कोण येणार आणि कोण नाही, हे कोणी विचारलं नाही आणि कोणी सांगितलं नाही. मोठीमाय रात्रभर झोपली नव्हती, हे तिनं सकाळी मला स्वतः सांगितलं.

आम्ही दोघींनी लवकर जाऊन चूल पेटवली. खळ चढवली. ती दाराकडे पाठ करून ढवळत बसली, वळून बघायची तिची हिंमत होत नव्हती. मीच बघत होते. वस्तीच्या वाटेनं बायका येत होत्या, सगळ्याच्या सगळ्या, आणि सगळ्यांच्या पुढे माझी माय होती, पट्टीतला हात छातीशी धरून.